पिंपळढवची चूक

उकंडरावांनी एकतीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली. मोजणीदार साहेब छत्रीखाली टेबल मांडून नकाशा काढायचे आणि उकंडराव साखळीचं टोक धरून कपाशीच्या पऱ्हाटीतून, बोरीबाभळीतून, नाल्यातून पलीकडच्या बांधापर्यंत जायचे. हुद्दा शिपायाचा. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत साखळी गेली, यंत्रं आली. तेव्हा ते यंत्राची तिपाई खांद्यावर वाहायचे.

त्यांच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती. म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्यांना उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवलं, शेजारणीकरवी उचलून आणवलं आणि नाव उकंडा ठेवलं. सातवी शिकलेला हा माणूस. अक्षर मात्र टपोरं, आणि कान चांगले.

साहेब चहाला बसले की उकंडराव बांधावरच्या म्हाताऱ्यांना विचारत, "या वावराले 'गावठान' काऊन म्हनतेत? इथं तं कोनाचं घर नाही." म्हातारे सांगत. कधी काळी तिथं गाव होतं. प्लेगात उठलं, दुष्काळात उठलं, पाणी आटलं म्हणून उठलं. अशा उठलेल्या गावाला आपल्याकडे रीठ म्हणतात. रीठ ओळखायची खूण म्हणजे पांढरी माती. माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथं राहिली, चुलीची राख, शेण आणि भिंतींची माती जिथं मुरली, ती जमीन पांढरी होते. आजूबाजूला काळं रान आणि मधेच एक पांढरा तुकडा. खापरं सापडतात. एखादा मारुती असतो, आणि ज्यांचे पूर्वज तिथून गेले ती कुटुंबं लग्न झालं की नवरा-नवरीला घेऊन त्या मारुतीला नारळ फोडायला येतात. गाव नसतं, तरी गावदेव असतो.

उकंडराव हे सगळं शंभरपानी वह्यांत लिहीत गेले. कोणती रीठ कोणत्या शिवारात, विहीर किती पावलांवर, मारुतीचं तोंड कुठं, माणसं उठून कुठं गेली. लिहिण्याआधी स्वतः जाऊन पाहायचं हा त्यांचा नेम. सुट्टीच्या दिवशी ते सायकल काढत. बायको सत्यभामाबाई म्हणायच्या, "दुसऱ्यायचे नवरे नातेवाईकायच्या गावाले जातेत. माहा नवरा जिथं कोनी राह्यत नाही तिथं जाते." निवृत्तीपर्यंत चौदा वह्या भरल्या.

मग शेखर सर आले. मोठ्या शहरात विद्यापीठात शिकवायचे. विषय ऐतिहासिक भूगोल. जुन्या काळी माणसं कुठं वसली, कोणत्या वाटांनी गेली, का उठली याचा अभ्यास. कुणीतरी उकंडरावांचं नाव सांगितलं म्हणून त्यांच्या गावी, सुलतानपुरात आले आणि लागोपाठ तीन हिवाळे येत राहिले. उकंडरावांच्या घरीच उतरायचे. सत्यभामाबाई त्यांना भाकरी, ठेचा, मुगवड्यांची भाजी वाढायच्या. ओसरीवर बसून सर वह्या चाळायचे आणि म्हणायचे, "काका, हा खजिना आहे. जगात कुणाकडे नसेल."

शेवटच्या हिवाळ्यात ते चौदाही वह्या घेऊन गेले. वर्षभरानं पार्सलनं परत पाठवल्या. सत्यभामाबाई तेव्हा अंथरुणाला टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाव छापून आलं म्हंजे मले वाचून दाखवजा." पुस्तक यायच्या तीन वर्षं आधीच त्या गेल्या.

पुस्तक आलं ते केवढं! चकचकीत कागद, रंगीत नकाशे, बुलढाणा जिल्ह्यातल्या ओसाड गावांचा संग्रह. सून अनुपमा गावात कागदपत्रांचं सेतू केंद्र चालवायची. तिनं ते मागवलं. उकंडरावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "नाव काढ."

अनुपमानं पहिली पानं वाचली, शेवटची वाचली. मग पुन्हा पहिली.

"मामाजी, दोन खेपा पाह्यलं. नाव नाही."

"नीट पाहा."

"इथं येवढंच हाय. 'मोजणी खात्यातील एका शिपायाने काही स्थानिक माहिती पुरवली, त्याचेही आभार.'"

उकंडरावांनी वह्यांची पेटी उघडली आणि पुस्तक शेजारी ठेवून एकेक रीठ ताडून पाहिली. पुस्तकातल्या त्रेचाळीसच्या त्रेचाळीस रीठी त्यांच्याच वह्यांतल्या. वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढं शिसपेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला होता: 'घेतले'. परत आल्यापासून, सत्यभामाबाईंच्या आजारपणात आणि त्या गेल्यावरही, त्या चौदा वह्या उघडल्याच नव्हत्या. तो शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

त्यांनी फोन लावला. शेखर सर हसत बोलले. "काका, अहो रागावू नका. संशोधनाची एक पद्धत असते. तुमच्याकडे होती ती माहिती. संशोधन मी केलं. हे दोन वेगळे आहेत."

"मंग माहिती देनाऱ्याले नाव नसते का, साहेब?"

"पुढच्या आवृत्तीत बघू ना." आणि फोन ठेवला.

पुढच्या आवृत्तीची वाट पाहणारा माणूस उकंडराव नव्हते. आता याला कुठं गाठायचं, एवढाच विचार ते करत. जेवताना करत, शेताला पाणी देताना करत. मुलगा म्हणाला, वकिलाची नोटीस पाठवू. ते म्हणाले, "नोटीस कोन वाचते? चार लोकायच्या मधी त्याचं तोंड उतरलं पाह्यजे. त्याच्याच लोकायच्या मधी."

हत्यार त्यांना पुस्तकातच सापडलं. पिंपळढव नावाची रीठ. पुस्तकात ती नाल्याच्या उत्तरेला दाखवली होती, निंबाच्या झाडाजवळ, विहीर साठ पावलांवर. ते पान पाहिलं आणि उकंडराव ताठ बसले. कारण ते चूक होतं. सहाव्या वहीत, सतराव्या पानावर, त्यांनी स्वतःच ते चुकीचं लिहिलं होतं. त्या वर्षी पाय मुरगळलेला होता म्हणून एका गुराख्याच्या सांगण्यावरून लिहिलं. जाऊन पाहिलं नाही. सगळ्या चौदा वह्यांत न पाहता लिहिलेली तेवढी एकच रीठ. वह्या सरांकडे गेल्यानंतर नांदुऱ्याचं एक कुटुंब लग्नाचा नारळ फोडायला पिंपळढवला आलं, तेव्हा उकंडराव त्यांच्यामागं गेले. गाव नाल्याच्या दक्षिणेला होतं. पांढरी होती, मारुती होता. ही दुरुस्ती त्यांनी पंधराव्या वहीत लिहिली. ती वही सरांनी पाहिलीच नव्हती.

"अनुपमा," ते म्हणाले, "गडी सापडला."

थोड्याच दिवसांत बातमी आली की शेगावात दोन दिवसांचं चर्चासत्र आहे, ऐतिहासिक भूगोलातल्या संशोधनाची आजची स्थिती या विषयावर, आणि मुख्य भाषण शेखर सरांचं. चर्चासत्र फेब्रुवारीत. तोवर दीड महिना होता. उकंडरावांनी घरात ताकीद दिली. पिंपळढवचं नाव कुणी बाहेर काढायचं नाही. सराला वास लागला तर तो गुपचूप दुरुस्ती करील आणि तीही स्वतःच्या नावावर खपवील.

त्याच आठवड्यात धम्मशीला आली.

धम्मशीलाचं दोन एकर वावर पिंपळढवच्या शिवारात. नवरा वारलेला. सासू आशाबाई आणि ती, दोघी मिळून भाजीपाला पिकवायच्या. नाल्याच्या उत्तरेच्या सडकेवरून पांदण, म्हणजे जुनी गाडीवाट, नाला ओलांडून पंजाबरावांच्या शेतातून तिच्या वावरात जायची. पंजाबरावांनी पांदण नांगरून टाकली आणि तारेचं कुंपण घातलं. तिनं तहसीलात रस्त्याचा दावा लावला. गावाचा जुना नकाशा नेमका त्या घडीवर झिजलेला. नाल्यापर्यंत पांदणीच्या तुटक रेघा दिसत, पुढं काही नाही.

"काका," ती म्हणाली, "पंजाबरावाच्या वकिलानं तहसीलात मोठं रंगीत पुस्तक दाखोलं. त्यात लिहेल हाय म्हने का पिंपळढव नाल्याच्या अलीकडंच होतं. मंग पांदन तिथंच सरली, माह्या वावरापर्यंत कधी आलीच नोती, असं तो म्हनते. तुमी तं त्या शिवारात साखळी ओढेल हाय. तुमाले मालूम असन."

उकंडरावांना मालूम होतं. पांढरी दक्षिणेला होती, म्हणजे गावची वाट नाला ओलांडून पंजाबरावांच्याच शेतातून जात होती. ते आत जाऊन पंधरावी वही घेऊन आले असते तर पुढच्या तारखेला काम झालं असतं.

त्यांनी विचारलं, "तारीख कधी हाय?"

"बारा दिवसानं."

"वाढून घे. दीड महिना."

"दीड महिना? काका, टमाटे लागून राह्यले. क्यारेट डोक्यावर घेऊन नाल्यातून आनाव लागते."

"सांगतो तसं कर. दीड महिन्यानं असा पुरावा देतो का वकिलाचं तोंड उघडनार नाही."

धम्मशीलानं विश्वास ठेवला आणि तारीख वाढवून घेतली. अनुपमा दारात उभी राहून ऐकत होती. धम्मशीला गेल्यावर ती म्हणाली, "मामाजी, हे बरं नाही केलं."

"मले मालूम हाय," उकंडराव म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले.

जानेवारीच्या शेवटी नाल्यातल्या शेवाळावरून आशाबाईंचा पाय घसरला. डोक्यावर टमाट्यानं भरलेलं प्लास्टिकचं क्यारेट होतं. उजवा हात मनगटातून मोडला. बातमी ऐकून उकंडराव पेटीपाशी गेले, पंधरावी वही काढली, मांडीवर घेतली. चर्चासत्राला अकरा दिवस राहिले होते. मग वही परत ठेवली.

शेगावला ते अनुपमासोबत एसटीनं गेले, मेहकर, खामगाव करत. सहावी आणि पंधरावी वही पिशवीत. सभागृहात मागच्या रांगेत बसले. अध्यक्षस्थानी एक वयस्कर प्राध्यापक बाई होत्या. शेखर सर बोलायला उभे राहिले आणि खरं सांगायचं तर चांगलं बोलले. एकेकाळी हा विषय राजधान्या, किल्ले आणि लढायांपुरता होता, ते म्हणाले. आज प्रश्न बदलले आहेत. साधी माणसं कुठं राहत होती, पाणी कुठून आणत होती, साथीत आणि दुष्काळात वस्त्या कशा सरकल्या, शेतांच्या नावांत काय उरलं आहे, हे आता विचारलं जातं. जुने नकाशे संगणकावर उपग्रहाच्या छायाचित्रांवर बसवता येतात. झिजलेल्या पांदणीही वरून दिसतात. उकंडराव मान पुढं काढून ऐकत होते. आपण सायकलीवरून जे केलं त्याला एवढं मोठं नाव आहे, हे त्यांना तिथं कळलं. त्यानं राग कमी झाला नाही, वाढलाच.

शेवटी सर म्हणाले, "आपल्या संशोधनाची आजची सर्वांत मोठी उणीव एकच. सगळे पडद्यासमोर बसतात. पायी फिरणं संपत चाललं आहे."

टाळ्या थांबायच्या आत उकंडराव उभे राहिले.

"साहेब, पिंपळढवच्या मारुतीचं तोंड कोन्या दिशेले हाय?"

सरांनी त्यांना ओळखलं. चेहरा क्षणभर ताणला, मग हसरा झाला. "अरे वा, काका! हे आमचे सुलतानपूरचे काका बरं का..."

"मारुतीचं सांगा."

"तिथं आता काही अवशेष राहिलेले नाहीत, काका."

"हायेत. मारुती हाय, दक्षिणमुखी. बोटभर शेंदूर हाय. पन तो नाल्याच्या पल्याड हाय, पांढरीवर. तुमचं गाव अल्याड हाय, मुरमावर. मुरमावर कोनं गाव वसवते?"

कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "संशोधनात चुका होतात. आम्ही दुरुस्त करू."

"चूक तुमची नाही ना, साहेब. चूक माही हाय." उकंडरावांनी सहावी वही वर धरली. "पान सतरा. पाय मुरगळेल होता, मी गेलो नाही, गुराख्याचं ऐकून लिवलं. निंबाचं झाड, विहीर साठ पावलं. तुमच्या पुस्तकात शब्दाले शब्द तेच हाय. अन् तिथं विहीर कधी नोतीच. मंग तुमी साठ पावलं मोजली ती कोन्या विहिरीपासून?"

अनुपमानं वही अध्यक्षबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. बाईंनी चष्मा लावून पान पाहिलं, मग पुढची पाच-सहा पानं. "डॉक्टर," त्यांनी शेखर सरांना विचारलं, "हे 'घेतले' कुणाच्या हातचं?"

"ते... संदर्भासाठी नोंदी केल्या होत्या."

"संदर्भ म्हणून यांचा उल्लेख आहे का पुस्तकात?"

"आभारात आहे."

उकंडराव म्हणाले, "आभारात एक शिपाई हाय. त्याचं नाव नाही. साहेब, तीन हिवाळे तुमी माह्या घरी जेवले. आता इथं सांगा, माहं नाव काय?"

शेखर सर बघत राहिले. "उत्तमराव," ते म्हणाले.

मागच्या रांगेतून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. इतकं आपण मागितलंही नव्हतं, असं उकंडरावांना वाटलं. मग त्यांनी स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं ठणठणीत आवाजात सांगितलं. आणि म्हणाले, "भाकरी वाढे तिचं नाव सत्यभामाबाई होतं. तेही लिवून घ्या." बाहेर येऊन त्यांनी दोन कचोऱ्या खाल्ल्या, अनुपमाला तीन खाऊ घातल्या. कित्येक महिन्यांनी जेवणाला चव आली होती.

पुढं चौकशी झाली. पुस्तकाची विक्री थांबली. नवी आवृत्ती उकंडरावांच्या नावानं काढायची आणि सरांचं नाव संपादक म्हणून खाली घालायचं असं ठरलं. शेखर सर स्वतः सुलतानपूरला आले. ओसरीवर हात जोडून म्हणाले, "काका, दोघांच्या संमतीनं झालं असं एक पत्र द्या. माझी बढती अडली आहे."

"अडू द्या," उकंडराव म्हणाले. "तुमच्याकडं संशोधन हाय ना? मी काय, नुसती माहिती." सरांना त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. ते उन्हात सडकेकडं निघाले तेव्हा उकंडराव दारात उभं राहून ते दिसेनासे होईपर्यंत पाहत होते.

शेगावनंतर दोनच आठवड्यांनी धम्मशीलाची तारीख आली होती. तहसीलात उकंडरावांनी पंधरावी वही ठेवली, नांदुऱ्याच्या कुटुंबाचा जबाब दिला, मारुतीचे फोटो दिले. पंजाबरावांचा वकील हुशार होता. त्यानं विचारलं, "ही दुरुस्ती तुम्ही कधी केली?"

"दोन हजार एकोणीस साली."

"म्हणजे अर्जदार बाई तुमच्याकडं पहिल्यांदा आल्या तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मग दोन महिने का गप्प बसलात? नंतर रचलं का हे?"

रचलं नाही हे सिद्ध करायचं तर खरं कारण सांगावं लागणार होतं. धम्मशीला चार हातांवर उभी होती. उकंडराव तहसीलदारांकडं पाहून बोलले. "शेगावात मले एका मानसाले उघडं पाडाचं होतं. पयले सांगतलं असतं तं तो सुटला असता. म्हनून मी या बाईले थांबवलं."

तहसीलदारांनी ते लिहून घेतलं. नंतर जागेवर जाऊन पाहणी केली. पांढरी होती, खापरं होती, कुंपणाच्या आत मारुती होता. एप्रिलमध्ये तार काढून पांदण मोकळी करायचा हुकूम झाला.

हुकूम घेऊन बाहेर आल्यावर उकंडराव धम्मशीलाजवळ गेले. ती म्हणाली, "रस्ता झाला, काका. सासूचा हात वाकडा बसला." एवढंच बोलून ती गेली. तिनं त्यांच्या दारावरून जायचं सोडलं. दर गुरुवारी बाजारातून परतताना ती कोथिंबिरीची जुडी टाकून जायची, तीही बंद झाली.

अनुपमानं एकदा विचारलं, "मामाजी, पस्तावा होते का?"

उकंडरावांनी विचार करून उत्तर दिलं. "त्या सराचा नाही होत. त्या दिवसाची याद आली का अजून पोट भरते. खोटं काऊन बोलू?"

आशाबाईंच्या हाताला मेहकरला व्यायामासाठी न्यावं लागायचं, दर सोमवारी. धम्मशीलाला शेत सोडून जाता येईना. उकंडराव एके सोमवारी एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले आणि आशाबाई आल्या तेव्हा त्यांची पिशवी हातात घेतली. त्यांनी ती घेऊ दिली. पुढचा सोमवारही तसाच गेला. तिसऱ्या खेपेला एसटीत बसल्यावर खिडकीबाहेर पाहत आशाबाई म्हणाल्या, "सुनेनं सारं सांगतलं मले."

उकंडराव पिशवीचा बंद गुंडाळत राहिले.

"मी असती तं मीबी थांबली असती," म्हातारी म्हणाली. "असा मानूस हातचा सोडाव काय? मी तं त्याले तिथंच जोडा हानला असता."

उकंडरावांनी मान वर केली.

"पन उकंडभाऊ, थांबाचंच होतं तं मंग दीड महिना क्यारेट वाहाले तुमी यायले पाह्यजे होतं. दोन हात कमी होते आमाले."

कंडक्टर आला. उकंडरावांनी दोन तिकिटं मागितली.